हेड न खोलता गळती शोधून देणारं गॅरेज (अजिंठा चौफुली, जळगाव)

कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) सारखं कमी होतंय पण गाडीखाली थेंब दिसत नाही, असं असेल तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, खोलायला होकार देण्याआधी गाडी इथे दाखवाच.

माझी जुनी पेट्रोल गाडी. चाळीसगावहून कन्नड घाट चढायला लागलं की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायचा, एसी बंद केला की उतरायचा. दुसऱ्या एका ठिकाणी नुसतं बोनेट उघडून ‘हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय’ असं सांगून मोकळे झाले. तपासणी काहीच नाही. याचा मला अजून राग आहे.

इथले मिस्त्री म्हणाले, “भाऊ, इंजिन गार होऊ द्या, मग झाकणाला हात लावू.” मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून एक बारपर्यंत दाब भरला. पंपावरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा हळूहळू खाली यायला लागला. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन त्यांनी मला वाकून बघायला लावलं. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी हिरवट-पांढरा वाळलेला थर होता आणि त्यावर ओल चमकत होती. पंपाचं सील गेलं की कूलंट त्याच भोकातून बाहेर पडतं, आणि इंजिन गरम असल्यामुळे तिथल्या तिथे वाळून जातं. म्हणून फरशीवर डाग नाही!

गॅस्केटची शंकाही त्यांनी ठेवली नाही. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरली. सिलिंडरमधला धूर पाण्यात येत असेल तर द्रावण पिवळं पडतं. आमचं निळंच राहिलं.

रेडिएटरचं झाकणही दाब धरत नव्हतं, तेही बदललं. दाब टिकला तरच कूलंटचा उकळबिंदू वर राहतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा हा फरक कळतो. बोअरचं पाणी टाकू नका, त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, हे त्यांनी बजावून सांगितलं. नवीन कूलंट भरल्यावर हीटर पूर्ण चालू ठेवून, रेडिएटरचा पंखा चालू-बंद होईपर्यंत थांबून आतली हवा काढली. जुना पंप माझ्या हातात दिला.

बसायला सोय नाही, पत्र्याखाली उकाडा असह्य होतो. पंप दुकानातून यायला दुसरा दिवस उजाडला. दाब देऊन तपासणी गार इंजिनावरच करतात, तेव्हा गाडी आदल्या संध्याकाळीच लावून ठेवा.