ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी, ऑनलाइन आवृत्ती: वापरासाठी पहिली पसंती, व्युत्पत्तीसाठी अपुरी

इंग्रजी शब्दाचा अर्थ कुठेही मिळतो. तो वाक्यात कसा बसवायचा, हे सांगणारे कोश मोजकेच. ए. एस. हॉर्नबी यांनी घडवलेला आणि ऑक्सफर्डने १९४८ साली काढलेला हा कोश मुळातच परभाषिकांसाठी आहे. वेबसाइटवर तो फुकट वापरता येतो, जाहिराती तेवढ्या सोसाव्या लागतात.

‘ॲडव्हाइस’ शोधा. अर्थाच्या आधीच ‘अनकाउंटेबल’ (मोजता न येणारं नाम) ही खूण दिसते, म्हणजे ‘ॲडव्हायसेस’ म्हणायचं नाही. एक सल्ला म्हणजे ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. ‘डिस्कस’च्या नोंदीत पुढे ‘अबाउट’ लावू नका, असं स्पष्ट बजावलं आहे. मराठीत आपण विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून ते ‘अबाउट’ हमखास घुसतं. नुसता प्रतिशब्द देणाऱ्या इंग्रजी-मराठी कोशात ही चूक कधीच लक्षात येत नाही. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठी तरी हा कोश हाताशी हवा.

आता ‘नाइस’ घ्या. छान, आनंददायक, स्वभावाने चांगला हे अर्थ वर येतात. ‘नाइस अँड क्वाएट’ अशी बोलण्यातली जोडी मिळते. शिवाय एक चौकट सुचवते, की दर वेळी ‘नाइस’ न म्हणता खोलीला ‘कोझी’, हवेला ‘प्लेझंट’ असं नेमकं विशेषण वापरा. लिहिणाऱ्याला ही चौकट फार उपयोगी आहे.

व्युत्पत्ती ‘वर्ड ओरिजिन’ या मिटलेल्या पट्टीत असते; ती उघडायची राहूनच जाते. ‘नाइस’चं मूळ लॅटिन ‘नेस्कियस’, म्हणजे अज्ञानी. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं तेव्हा शब्दाचा अर्थ ‘मूर्ख’ होता. पुढे बुजरा, मग चोखंदळ, मग सूक्ष्म, आणि शेवटी छान. ‘सूक्ष्म’ ही मधली पायरी अजून जिवंत आहे: ‘अ नाइस पॉइंट ऑफ लॉ’ म्हणजे कायद्यातला बारीक, निर्णयाला अवघड मुद्दा. औपचारिक मजकुरात हा ‘नाइस’ भेटला, तर ‘छान’ हा अर्थ लावून चालणार नाही.

उणीव अशी, की कोणता अर्थ कधी आला ते इथे नीट कळत नाही. फार तर ‘मध्ययुगीन इंग्रजी’ एवढंच. काळ हवा असेल तर डग्लस हार्पर यांचा मोफत ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी उघडा. तिथे ‘नाइस’ तेराव्या शतकाच्या अखेरीपासून नोंदला आहे. त्याहून खोल जायचं तर मोठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी आहे, जुन्या लेखनातल्या तारीखवार उदाहरणांसह; पण तिला वर्गणी लागते.

शोधताना एक जपा. नाम आणि क्रियापद यांची पानं वेगळी असतात. ‘बुक’ टाकल्यावर पुस्तकाचं पान समोर येतं. आरक्षण करणं या अर्थाचं क्रियापद ‘ऑल मॅचेस’च्या यादीतून निवडावं लागतं.