अंगणातला स्प्रे बूथ: उघड्यावर, तीन भिंतींत, बोगद्यात की बंद तंबूत?

घरची जुनी सागवानी दारं किंवा व्हिनिअरचं कपाट पॉलिशला काढलंय, कॉम्प्रेसर आणि गन हाताशी आहे, पण घरात थिनरचा वास नकोय. मग अंगण, गच्ची किंवा वाड्याचा मागचा चौक. तिथे आडोसा कसा उभारायचा हे ठरवताना बहुतेक जण धुळीपासून सुरुवात करतात आणि जमेल तितकं बंद करत जातात. माझा आग्रह उलटा आहे. हवा कुठून येणार आणि उडालेलं मटेरियल, म्हणजे गनमधून फवारलेलं पॉलिश, घेऊन कुठे जाणार, हे आधी ठरवा. धुळीचा बंदोबस्त त्यानंतर करता येतो.

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे आडोसाच न करणं. घोड्या मांडायच्या, वाऱ्याकडे पाठ करायची आणि गन चालवायची. वास साचत नाही, आगीचा धोका सगळ्यात कमी आणि खर्च शून्य. ज्याला दोन स्टूल आणि एक चौरंग एवढंच करायचंय, त्याने सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत हे खुशाल करावं. पण वाऱ्याची झुळूक वाढली की गनमधून निघालेले थेंब लाकडापर्यंत पोचण्याआधीच अर्धवट वाळतात आणि हात फिरवला की पृष्ठभाग खरखरीत लागतो. शिवाय मटेरियल वाया जातं. साध्या कॉम्प्रेसर गनमधलं निम्म्याहून जास्त मटेरियल लाकडावर बसतच नाही. ते शेजाऱ्याच्या गाडीवर बसलं तर प्रकरण वाढतं. मेलामाइन किंवा लॅकर या थिनर घालून मारायच्या पॉलिशांचे कण लवकर वाळून भुकटीसारखे पडतात, पण पीयू (पॉलियुरेथेन) उशिरा वाळतं, त्यामुळे ते काचेवर आणि पत्र्यावर घट्ट चिकटतं. सोसायटीच्या गच्चीवर म्हणूनच हा पर्याय मी धरतच नाही.

दुसरा, सगळीकडे दिसणारा प्रकार म्हणजे तीन बाजूंनी ताडपत्री, वर छत, समोरून उघडं. घडीचा तंबू असेल तर दहा मिनिटांत उभा राहतो. खुर्ची, फोटोफ्रेम, ड्रॉवरच्या फळ्या अशा छोट्या वस्तूंना हा बरा. वस्तू फिरत्या पाटावर ठेवा आणि स्वतः उघड्या बाजूला उभे राहा. मात्र मोठं कपाट आत घेतलं की अडचण सुरू होते. मागची भिंत बंद असल्यामुळे उडालेलं मटेरियल तिच्यावर आपटून भोवऱ्यासारखं परत फिरतं. त्यातलं काही आपल्या तोंडावर येतं, काही नुकत्याच मारलेल्या ओल्या थरावर बसतं. कपाटाचा एक पल्ला गुळगुळीत आणि शेजारचा धुरकट निघाला, तर मटेरियलला दोष देण्याआधी मागची भिंत पाहा.

चारही बाजूंनी प्लास्टिकची खोली करून त्यात एक्झॉस्ट फॅन बसवायचा, हा पर्याय दिसायला सगळ्यात कारखान्यासारखा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. आकडाच पाहा. कारखान्यातल्या बूथमध्ये हवेचा वेग साधारण मिनिटाला १०० फूट धरतात. तुमच्या खोलीचं तोंड ६ फूट बाय ६ फूट असेल, तर मिनिटाला ३,६०० घनफूट हवा ओढावी लागेल. घरगुती १२ इंची फॅन त्याच्या जवळपासही जात नाही. त्यातून थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते आणि फॅन मात्र वर टांगलेला असतो. तो खाली बसवला तर साध्या मोटरची ठिणगी त्या वाफेतच येते. नायट्रोसेल्युलोज लॅकरची भिंतींवर साठलेली कोरडी भुकटी तर क्षणात पेट घेते. पाण्यावर चालणारं मटेरियल वापरणार असाल, तर आगीचा हा मुद्दा बराचसा गळून पडतो. तरीही घर्षणाने भारित झालेलं प्लास्टिक धूळ ओढून घेतंच, आणि ज्या धुळीसाठी हा सगळा खटाटोप केला ती आतच राहते.

गंमत अशी, की मिनिटाला १०० फूट म्हणजे ताशी जेमतेम १.८ किलोमीटर. पान हलेल न हलेल इतका वारा. अंगणात तो फुकट मिळतो. म्हणून मी सुचवतो तो बोगदा: छत बंद, दोन लांब बाजू बंद, वाऱ्याकडचं तोंड कापडाने झाकलेलं आणि समोरचं तोंड पूर्ण मोकळं. वाऱ्याकडच्या तोंडाला शेडनेट, त्याच्या आतून एखादी जुनी सुती साडी एकपदरी ताणून बांधा. हवा आत येते, पण पानं, किडे आणि जाड धूळ बाहेर राहते, शिवाय झोताचा जोरही मोडतो. वारा पाठीमागून किंवा कुशीवरून येईल असे उभे राहा, म्हणजे उडालेलं मटेरियल तुमच्यापासून दूर, मोकळ्या तोंडातून निघून जाईल. त्या तोंडाच्या पुढे काही अंतर मोकळं हवं. तिथे तुळशीवृंदावन, वाळत घातलेले कपडे किंवा शेजारच्यांची खिडकी असेल तर बोगद्याची दिशा बदला.

सांगाडा ८ फूट बाय ६ फूट, उंची ७ फूट. कपाटासाठी एवढा पुरतो. पीव्हीसी पाइप झटपट जोडता येतात, पण ८ फुटांच्या पल्ल्यात बारीक पाइप झुकतो आणि वाऱ्यात डुलतो. बांबू आणि सुतळी स्वस्त पडते आणि ताठही राहते, फक्त बांबूची कुसळं आणि भुगा आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. गच्चीवर खिळा किंवा ड्रिल अजिबात नको, वॉटरप्रूफिंग जाईल. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत वाळू भरून त्यांत खांब उभे करा. ताडपत्री निळी घेऊ नका, हिरवी शेडनेटही छतावर नको. त्या उजेडात सागवानाचा खरा रंग कळतच नाही आणि स्टेन (लाकडाला द्यायचा रंग) गडद होऊन बसतो. पांढरं किंवा पारदर्शक घ्या. दिवा लावायचाच असेल तर तो पारदर्शक पडद्याच्या बाहेरून, कुशीवरून तिरपा टाका. ओला थर कुठे बसला आणि कुठे राहिला हे त्या तिरप्या चकाकीतच दिसतं.

मात्र बोगदा हवामानापुढे हतबल आहे. कोकणात पावसाळ्यात लॅकर मारलं की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढुरकी झाक येते. सावकाश उडणारा थिनर थोडी मदत करतो, पण थांबून ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान काम काढणं हेच खरं. थंडीत पुण्या-नाशिककडे सकाळी दव असतं, तेव्हा ऊन वर आल्यावर सुरू करा आणि संध्याकाळच्या आत काम घरात न्या. विदर्भात मे महिन्यात उलटी तऱ्हा. दुपारच्या उन्हात मटेरियल वाटेतच वाळतं, म्हणून काम पहाटेच उरका. जमिनीवर सडा टाकून धूळ बसवणं विदर्भात चांगलं, दमट कोकणात नको.

गन बदलणं शक्य असेल तर कमी दाबाची, जास्त हवेची एचव्हीएलपी गन घ्या. तिच्या तोंडावरच्या टोपीपाशी हवेचा दाब १० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला १० पौंड) आत राहतो, मटेरियल कमी उडतं आणि आडोशावरचा भारही कमी होतो. आडोशावर जास्त खर्च करण्यापेक्षा पैसे इथे घालावेत असं माझं ठाम मत आहे.

दोन भागांचं पीयू मारणार असाल तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. त्याच्या हार्डनरमधल्या (घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागातल्या) आयसोसायनेट या रसायनामुळे कायमचा दमा जडू शकतो आणि त्याचा वास धोक्याची सूचना देत नाही. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क इथे निरुपयोगी. कारखान्यात यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा वापरतात. तो नसेल तर उघड्या अंगणातसुद्धा पीयू मारू नका, ते काम पॉलिशवाल्याच्या वर्कशॉपमध्ये पाठवा आणि घरी पाण्यावरचं मटेरियल वापरा. त्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. पहिल्या थरानंतर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासलं की काम होतं. तिथे स्टील वूल मात्र नको, राहिलेले तुकडे गंजून डाग पडतात. लॅकर किंवा मेलामाइनसाठीही थिनरसारखी सेंद्रिय वाफ शोषणारे कार्ट्रिज असलेला मास्क हवाच.

एक-दोनच वस्तू असतील आणि शेजारी जवळ असतील, तर बूथचा विचारच सोडा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, कापसावर गुंडाळलेली मलमलची पुरचुंडी आणि कोरडा दिवस एवढ्यात सुंदर फ्रेंच पॉलिश होतं. दहा दारं असतील तर बोगदा बांधा. काम संपल्यावर पडदे पाण्याने भिजवून मगच घडी करा, आणि थिनरचे किंवा जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेलाचे बोळे आपोआप तापून पेटतात. ते पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवा.