सापाच्या टाकीला ऊब कशी द्यायची: खालून हीट मॅट, हीट केबल की सरळ वरून हीटर?

साप घरी आणायचं ठरलंय, टाकी पण येऊन पडलीय आणि आता गाडी अडलीय ती तळाला ऊब कशी द्यायची यावर, तर हे वाचा. हीटर कुठलाही घ्या पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे त्याचं तापमान ताब्यात ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय, लावायचा नाही, ही गोष्ट आधी पक्की करा. नुसती प्लगला लावलेली हीट मॅट (टाकीखाली लावायची, विजेवर तापणारी चपटी शीट) तापत जाते आणि 40 अंशांच्या वर आरामात पोचते, आणि पोटाखाली चटका बसतोय म्हणून साप लगेच बाजूला सरकेल असं अजिबात धरून चालू नका, भाजलं तरी तिथेच वेटोळं घालून बसलेले साप असतात.

किती ऊब हवी ते आधी बघू. बॉल पायथनला गरम बाजूच्या तळावर 31-32 अंश आणि गार बाजूला 25-26, कॉर्न स्नेकला गरम बाजू 29-30 आणि गार बाजू 22-24 च्या आसपास. दोन्ही बाजू हव्यातच, कारण गरम वाटलं की उठून गार जागी जाणं एवढाच सापाच्या हातातला उपाय आहे, म्हणून हीटर कधीच पूर्ण तळाखाली नको, फार तर एक तृतीयांश.

आता हीट मॅट. काचेची टाकी, लहान किंवा मध्यम साप आणि पातळ सबस्ट्रेट (तळाला अंथरायचा भुसा वगैरे) असेल तर माझं मत मॅटलाच. बाहेरून काचेच्या तळाला लावायची आणि टाकीखाली छोटे पाय द्यायचे म्हणजे खालून हवा खेळती राहते, नाहीतर उष्णता कोंडून काच तडकू शकते. पण मॅट हवा फारशी तापवत नाही, ती फक्त तळ तापवते, त्यामुळे खोली थंड असेल तर एकट्या मॅटवर भागत नाही. लाकडी टाकीच्या खाली मॅट लावू नका, लाकडातून ऊब वर जात नाही, मॅट मात्र खाली तापत बसते, आणि ते आगीला आमंत्रण. आणि सबस्ट्रेट जाड टाकायचा विचार असेल, चार-पाच इंच वगैरे, तर मॅट सोडाच. वरून हात लावला तर थंड लागतं, माणूस सेटिंग वाढवतो, आणि साप उकरत उकरत थेट तापलेल्या काचेवर जाऊन बसतो.

हीट केबल, म्हणजे विजेवर तापणारी लांब वायर, मला एका टाकीसाठी खटाटोप वाटते. ओळीने बरेच डबे असतील, रॅक असेल तर तिचा फायदा आहे, एकाच केबलने सगळ्यांना ऊब मिळते. पण केबल खाचेत नीट बसवावी लागते, कुठेही स्वतःवरच आली तर तिथे भलतीच तापते, आणि एकच प्रोब (थर्मोस्टॅटला तापमान कळवणारी वायर) असल्यामुळे एका डब्यात बरोबर आणि कडेच्या डब्यात कमी असं होतं, म्हणजे प्रत्येक डबा वेगळा मोजायचा. हीट रॉक म्हणून जो दगड मिळतो तो घेऊच नका, एका जागी कोमट आणि दुसऱ्या जागी पोळणारा, आणि साप त्यालाच मिठी मारून बसतो.

वरून ऊब, म्हणजे सिरॅमिक हीटर (उजेड न देता तापणारा बल्बसारखा हीटर) किंवा रेडियंट पॅनल (छताला लावायची तापणारी चपटी पाटी). लाकडी टाकी, जाड सबस्ट्रेट किंवा मोठा जड साप असेल तर सरळ हाच रस्ता धरा. हवा पण तापते आणि तळ पण, आणि पोटाखाली हीटर नसतो. फक्त सिरॅमिकला जाळी हवीच, साप त्याला विळखा घालतो आणि भाजतो. हवा कोरडी पडते हे पण आहे, बॉल पायथनला 60 टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो तेव्हा पाण्याचं भांडं मोठं ठेवा. मॅटला साधा चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट पुरतो, सिरॅमिकला पल्स प्रकारचा (वीज छोट्या छोट्या झटक्यांत देणारा) बरा, आणि उजेडाचा बल्ब असेल तर डिमिंगवालाच (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा), नाहीतर बल्ब सारखा लुकलुकतो आणि लवकर जातो.

माझा सगळ्यात जास्त जीव अडकतो तो प्रोबवर. माझ्या कॉर्न स्नेकने एकदा रात्रीत टाकीतला प्रोब उखडून गार बाजूला ढकलला. सकाळी खोलीत शिरल्या शिरल्या तापलेल्या भुशाचा वास आला, थर्मोस्टॅट शांतपणे 24 दाखवतोय आणि टेम्प गन (लांबून तापमान मोजणारं यंत्र) काचेवर धरली तर 43! माझी सापीण नशिबाने गार बाजूच्या हाईडमध्ये, म्हणजे लपायच्या जागेत, होती, पण मी कितीतरी वेळ तिचं पोट उलटसुलट करून बघत होतो. तेव्हापासून प्रोब बाहेरून, मॅट आणि काचेच्या मध्ये, घट्ट बसवलेला. तिथे आकडा आतल्यापेक्षा जास्त येतो, त्यामुळे थर्मोस्टॅटच्या आकड्यावर जायचं नाही, आत सबस्ट्रेट बाजूला सारून काचेवर टेम्प गन धरायची आणि त्याप्रमाणे सेटिंग कमी-जास्त करायचं. आणि टाकीच्या आत चिकटपट्टी कधीच नको, खवल्यांना चिकटली की कातडी सोलून निघते.

साप आणायच्या आधी दोन दिवस रिकामी टाकी चालवून बघा, दुपारी, रात्री, पहाटे, सगळ्या वेळी मोजा. नंतर पण आठवड्यातून एकदा पोट बघत जा, खवले लालसर-तपकिरी दिसले किंवा फोड आला तर हीटर बंद करा, खाली साधा पांढरा कागद अंथरा, टाकी दुसऱ्या मार्गाने उबदार ठेवा, घरातलं कुठलंही मलम लावू नका आणि त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणारा पशुवैद्य गाठा.