एचपी झेड२४० एसएफएफ : रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड बदलल्यानंतरचा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे जिग, फिक्श्चर आणि प्रेस टूल डिझाइनचे छोटे कार्यालय आहे. तेथे सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी हे छोट्या कॅबिनेटचे (एसएफएफ) रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले आणि दुरुस्त करून विकलेले, वर्कस्टेशन घेतले, तेव्हा त्यात झिऑन ई३-१२४५ व्ही५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि क्वाड्रो के६२० कार्ड होते. दिवाळीत तीन भाग बदलले. पुढचा उन्हाळा आणि पावसाळा अनुभवल्यावर हे लिहीत आहे.

सर्वाधिक काळजी रॅम घेताना लागते. या मशीनमध्ये डीडीआर४चे ४ स्लॉट असून ६४ जीबीपर्यंत रॅम बसते. मात्र सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड (वेगळी रजिस्टर चिप असलेल्या) रॅमच्या स्टिक बाजारात स्वस्तात मिळतात आणि त्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसतातही. फक्त मशीन सुरू होत नाही. त्याही ईसीसी, म्हणजे मेमरीतील चुका दुरुस्त करणाऱ्या प्रकारच्या असतात, म्हणून शहरातील एका दुकानदाराने आम्हाला 'ईसीसी म्हणजे ईसीसी, चालेल' असे सांगून त्याच स्टिक दाखवल्या होत्या. अशा वेळी स्टिकवरचे लेबल वाचावे. 'पीसी४-२४००टी' नंतरच्या रेघेपुढे आर (R) हे अक्षर असेल तर ती रजिस्टर्ड, ई (E) असेल तर आपल्याला चालणारी अनबफर्ड (रजिस्टर चिप नसलेली) ईसीसी, आणि यू (U) असेल तर साधी, म्हणजे ईसीसी नसलेली. ईसीसी आणि साधी रॅम एकत्र लावू नये. आम्ही जुन्या स्टिक काढून १६ जीबीच्या २ ईसीसी स्टिक लावल्या. हा प्रोसेसर त्या २१३३च्याच वेगाने चालवतो, त्यामुळे त्याहून वेगवान रॅमसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

एसएसडीचा फरक पहिल्याच दिवशी जाणवला. एसएसडी थेट मदरबोर्डवर बसवण्याचा एम.२ स्लॉट पीसीआयई ३.० (तिसऱ्या पिढीच्या) प्रकारचा असल्याने चौथ्या पिढीची महाग एसएसडीसुद्धा तिसऱ्या पिढीच्या वेगानेच चालते. म्हणून या स्लॉटसाठीची साधी एनव्हीएमई एसएसडी पुरेशी आहे. शेकडो भागांची असेंब्ली उघडताना पूर्वी चहा होऊन जात असे, तो वेळ आता उरत नाही. मात्र मॉडेल रीबिल्ड होण्यास (बदलानंतर नव्याने तयार होण्यास) जवळपास पूर्वीइतकाच वेळ लागतो, कारण ते काम मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते. विक्रेते ही बाब सहसा सांगत नाहीत.

ग्राफिक्स कार्ड निवडताना कॅबिनेटची उंची आणि २४० वॅटचा पॉवर सप्लाय या दोन मर्यादा आड येतात. कार्ड लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचे, हवे आणि त्याला स्लॉटमधून मिळणारी, जास्तीत जास्त ७५ वॅटची वीज पुरली पाहिजे. वेगळी पॉवर केबल लागणाऱ्या कार्डचा विचारही करू नये. आम्ही एनव्हिडिया टी६०० घेतले. ते ४ जीबी मेमरीचे असूनही ४० वॅटच घेते, म्हणजे के६२०च्या ४५ वॅटपेक्षाही कमी. मोठी असेंब्ली फिरवताना येणारे झटके थांबले. कार्डावर चारही मिनी डिस्प्लेपोर्ट असल्याने कन्व्हर्टरचा खर्च आधीच धरावा, आणि जुने कार्ड विकत घेत असाल तर त्यासोबत कमी उंचीच्या कॅबिनेटला लागणारी छोटी पट्टी (ब्रॅकेट) आहे ना, हे पाहून घ्यावे.

मे महिन्यात पंख्याचा आवाज वाढला, पण मशीन कधी बंद पडले नाही. आमच्याकडे खरा शत्रू ग्राइंडिंगची धूळ आहे. तिच्यात लोखंडाचे बारीक कण असतात. महिन्यातून एकदा कॅबिनेट उघडून पंखा बोटाने धरून ब्लोअर मारतो. कारखान्यातील कॉम्प्रेसरची हवा मात्र वापरत नाही, कारण तिच्यासोबत पाणी आणि तेल येते.

प्रोसेसर बदलण्याच्या फंदात पडलो नाही. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ई३ मालिकेचे हे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे हे मशीन आम्ही इंटरनेटपासून तोडून केवळ डिझाइनसाठी ठेवले आहे. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर असलेले झेड२ एसएफएफ जी४ पाहावे. आम्हीही पुढे तेच घेणार आहोत आणि एसएसडी व टी६०० त्यात हलवणार आहोत.