पोखऱ्याला निघालेलं सामान नौतनव्याच्या गोदामात सापडलं, १,१८,५०० रुपये गेले ते गेलेच

आधी रक्कम सांगतो, कारण घरातल्या लोकांपासूनही मी ती दोन महिने लपवली होती. १,१८,५०० रुपये. शिवाय फ्रिज, शिलाई मशीन आणि आईचा तांब्याचा बंब. वीज मंडळाच्या हिशोब विभागात मी ३१ वर्षं पावत्या तपासल्या, आणि मलाच खोट्या पावतीनं गंडवलं. हे लिहिताना लाज वाटते. पण नेपाळला सामान पाठवायला सोलापुरातून आणखी कुणी त्याच ट्रान्सपोर्टवाल्याच्या टेबलासमोर जाऊन बसू नये, म्हणून लिहितोय.

आमची आक्का आणि दाजी गेली बावीस वर्षं नेपाळात बुटवलला आहेत. दाजी मूळचे सांगोला तालुक्यातले, सोन्या-चांदीच्या गलाईचा, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. आपल्याकडची किती गलाईवाली कुटुंबं देशभर आणि नेपाळात पसरली आहेत ते इथल्या लोकांना सांगायला नको. सोलापूरचा मे महिना ४३-४४ वर जातो, हिला बीपीचा त्रास. म्हणून दाजींच्या ओळखीनं पोखऱ्याला एका घराचा वरचा मजला दहा वर्षांच्या करारानं भाड्यानं घेतला. आपल्याला नेपाळात जागा विकत घेता येत नाही, त्यामुळे करारच. उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने तिथं काढायचे, एवढाच विचार.

तिथं नवं घेण्यापेक्षा इथलं जास्तीचं सामान नेऊ असं ठरवलं. लोखंडी पलंग, १९० लिटरचा फ्रिज, शिलाई मशीन, मिक्सर, भांडी, बारा चादरी आणि बंब. पोखऱ्यात सकाळी गार असतं, म्हणून बंबाचा आग्रह माझाच होता.

जुन्या पुणे नाक्याजवळ एका गाळ्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि मोठा बोर्ड. बोर्डावरचं नाव एका प्रसिद्ध कंपनीच्या नावासारखं, एक अक्षर इकडचं तिकडं. मालक तरुण, बोलायला गोड. ‘काका, नेपाळला महिन्याला दोन गाड्या जातात आपल्या. भन्सारसकट ४६,५०० मध्ये दारात पोच.’ भन्सार म्हणजे नेपाळची जकात. तो हा शब्द वापरतोय म्हणजे जाणकार असणार, असं मला वाटलं. आगाऊ २०,००० फोनवरून पाठवले, ते गेले भलत्याच बाईच्या नावावर. ‘मिसेसचं खातं आहे’ म्हणाला. बोर्डावर एक नाव आणि पैसे घेणारं नाव दुसरं असेल तर तिथूनच परत फिरा. मी फिरलो नाही.

७ मेला मतदान करून १२ मे २०२४ ला निघालो. सामान भरताना आणखी २०,००० रोख. पिकअप पुढं, आमची गाडी मागं. तुळजापूरला दर्शन घेतलं, रात्री नागपूर. तिथं ड्रायव्हर म्हणाला, या गाडीला पुढचं परमिट नाही, माल दुसऱ्या गाडीत टाकावा लागेल. उत्तर प्रदेशची नंबरप्लेट, नवा ड्रायव्हर, आणि परमिटचे ७,५०० रुपये. मी भांडलो. तो म्हणाला, ‘आचारसंहिता आहे काका, चेकिंग कडक आहे, घरगुती सामानालाही ई-वे बिल मागतात.’ ई-वे बिल म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. वापरलेल्या घरगुती सामानाला तो लागतच नाही, नियमातच सूट आहे. मला हे परत आल्यावर कळलं. तुम्ही आधीच लक्षात ठेवा, कारण याच शब्दानं सगळीकडं लुबाडतात. त्या प्लेटचा नंबर तिथंच मोबाईलवर परिवहनच्या ॲपमध्ये टाकला असता तरी पुरे होतं. जूनमध्ये टाकला तेव्हा तो ट्रॅक्टरचा निघाला.

१५ मेला गोरखपूरहून नेपाळच्या सीमेवर, सोनौलीला पोचलो. ज्यांनी ती सीमा पाहिली आहे त्यांना माहीत आहे, कमानीखाली ट्रकांची रांग, सायकलरिक्षा, पैसे बदलणारे, आणि गाडी थांबली रे थांबली की खिडकीशी चार जण. आमच्या ड्रायव्हरनं एकाला आणलं. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. ‘अंकल जी, घर का सामान है तो डिपॉझिट लगेगा, वापसी में मिल जाएगा.’ पावतीवर आकडा ५१,२००. माझा चेहरा पडलेला पाहून त्यानंच समजावलं, हे एनसी आहे, म्हणजे नेपाळी. आयसीमध्ये, म्हणजे भारतीय रुपयांत, ३२,०००. मी मनात १.६० नं भागून पाहिलं. भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचा एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. हिशोब पैशाला पैसा जुळला. आणि माझा विश्वास बसला तो तिथंच. भागाकार बरोबर आला म्हणजे माणूस खरा, असं मी धरून चाललो.

३२,००० रोख दिले. तो म्हणाला, पिकअप यार्डात जाईल, तपासणीला रात्र लागेल, तुम्ही पुढं व्हा, उद्या संध्याकाळी माल पोखऱ्याला.

आमच्या गाडीचं भन्सार मात्र मी स्वतः खिडकीवर जाऊन केलं. रीतसर रांग लावली, गाडीची कागदं दाखवली, आमची मतदार ओळखपत्रं दाखवली, जेवढे दिवस राहणार तेवढ्या दिवसांचे पैसे भरले, पावती घेतली. कुणी एक रुपया जास्त मागितला नाही. पलीकडं बुटवलच्या अलीकडं पोलिसानं कागद मागितले, तेव्हा शर्टाच्या खिशातून दोन्ही पावत्या एकदम निघाल्या.

त्या क्षणाबद्दल मी रोज विचार करतो. दोन पावत्या, एका हातात. गाडीच्या पावतीवर साल २०८१. नेपाळचं सरकारी कामकाज विक्रम संवतात चालतं, दाजींच्या घरातलं कॅलेंडर मी कित्येक वेळा पाहिलंय. आणि सामानाच्या पावतीवर १५-०५-२०२४. त्याच देशाची, त्याच कचेरीची, त्याच दिवसाची पावती म्हणे, आणि साल वेगळं! खाली जीएसटी क्रमांक. नेपाळात जीएसटी नाही, तिथं मूल्य अभिवृद्धि कर आहे, १३ टक्के. आणि तो जीएसटी क्रमांकही २७ नं सुरू होणारा. २७ म्हणजे महाराष्ट्र, उत्तर प्रदेश ०९. हे दोन आकडे मी नोकरीत हजारो बिलांवर तपासले होते. नेपाळच्या जकातीची पावती महाराष्ट्राच्या नंबरावर कशी फाटेल?

मी पाहिलं. अगदी पाहिलं. ‘एक पावती आपल्या बाजूची असेल’ असं मनाशी म्हणालो आणि दोन्ही घडी घालून खिशात ठेवल्या. तीन दिवस गाडी चालवत होतो, वय ६३, ही मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली, पुढं पाल्प्याचा घाट. त्या जागी आणखी कुणी असता तर त्यानं तरी काय केलं असतं? गाडी वळवायला हवी होती, दुसरं काय. सोनौली जवळच होती. पिकअप कदाचित अजून तिथंच उभी असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माल आला नाही, फोन आला. सामान पकडलंय, दंड २८,०००, आज भरला नाही तर लिलाव. मी पुण्याला मुलाला फोन करून लगेच भरायला लावले. दाजींना विचारलं नाही. त्यांनी आयुष्य तिथं काढलंय आणि मला त्यांच्यापुढं अडाणी दिसायचं नव्हतं, हे खरं कारण. पैसे पोचले आणि फोन बंद झाला.

मग दाजींना सांगितलं. ते एक शब्द वाईट बोलले नाहीत, गाडी काढून थेट भन्सार कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं संगणकावर पाहिलं. आमच्या नावानं सामानाची नोंदच नाही, ही पावती त्यांची नाही. सामान सीमा ओलांडून आलंच नव्हतं. नऊ दिवसांनी ते नौतनव्याला, म्हणजे भारतातच, रेल्वे स्टेशनजवळच्या एका गोदामात सापडलं. गोदामवाला म्हणाला, कुणीतरी टाकून गेलं, भाडं ११,०००. तेही दिले. पलंग होता, भांडी होती, बारातल्या सात चादरी होत्या. फ्रिज, मशीन, बंब नव्हता. माझ्याकडं सामानाची यादी नव्हती, एक फोटो नव्हता, मग भांडायचं कशाच्या जोरावर? सामान भरण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा आणि यादीवर गाडीवाल्याची सही घ्या. बिल्टीशिवाय, म्हणजे वाहतूकदाराच्या माल-पावतीशिवाय, माल हलू देऊ नका.

आता पोलिसांचं. तिकडच्या चौकीत सांगितलं, पैसे सोलापुरात ठरले, सोलापुरात दिले, तिथं जा. २ जूनला सोलापुरात आलो. आमच्या हद्दीतल्या ठाण्यात पहिल्यांदा गेलो तर सगळे मतमोजणीच्या बंदोबस्तात. ते समजू शकतो. दुसऱ्यांदा, साहेब नाहीत. तिसऱ्यांदा साहेब होते, म्हणाले, माल गायब झाला उत्तर प्रदेशात, आमची हद्द नाही. चौथ्या खेपेला नुसता अर्ज घेतला आणि पोचेचा शिक्का मारायलाही तासभर बसवलं. १ जुलैपासून नवा कायदा आला. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घ्यावी लागते. मी छापील कागद घेऊन गेलो. हवालदारानं तो वाचलाही नाही. ‘काका, ही दिवाणी बाब आहे, वकील बघा.’ दिवाणी? खोटी सरकारी पावती छापणं दिवाणी? खोटी नंबरप्लेट लावून माल पळवणं दिवाणी? मी आवाज चढवला तर मलाच विचारलं, एवढे शिकलेले असून पैसे दिले कशाला. हा प्रश्न मला कुणीही विचारावा, बायकोनं विचारावा, मुलानं विचारावा. ज्याचं काम चोर पकडायचं आहे त्यानं विचारू नये. बँकेत गेलो तर म्हणाले, पिन तुमच्या मुलानंच टाकला. ऑनलाइन तक्रारीवर तीन महिने ‘प्रक्रियेत’ आणि मग ‘संबंधित ठाण्याकडे वर्ग करून निकाली’. संबंधित ठाणं म्हणजे तेच! फोनवरून पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. मुलानं भरले तेव्हा मी दीड दिवस लाजेत घालवला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

शेवटी ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अर्ज मी स्वतः लिहिला. पण नोटीस गाळ्याच्या पत्त्यावर गेली आणि ‘या पत्त्यावर राहत नाही’ शेरा घेऊन परत आली.

गाळा बंद नाही. गेल्या शुक्रवारी मी समोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहून पाहिलं. बोर्डाचा रंग बदललाय, नाव बदललंय, मोबाईल नंबर बदललाय. टेबल तेच आहे. एक म्हातारं जोडपं समोर बसलेलं होतं, बाईंच्या मांडीवर पिशवी. मी रस्ता ओलांडून आत गेलो आणि दोन्ही पावत्या त्यांच्यासमोर टेबलावर ठेवल्या. मालकानं मला ओळखलं. तो काही बोलायच्या आत ते गृहस्थ पावतीवरची तारीख वाचायला लागले होते.