हरिकेनच्या कॅनोपीसाठी एडुआर्डचा मास्क संच

दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या १/७२ प्रमाणातल्या मॉडेलचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम १७ सेंटीमीटर भरतात, आणि त्याची कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचे काचेचे झाकण, करंगळीच्या दोन पेरांहून मोठी नसते. तरीही मॉडेल हातात घेणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. इंफाळच्या आघाडीवर १९४४ साली स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या भारतीय वायुदलाच्या १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे विमान करायचे ठरवले, तेव्हा मागे सरकणाऱ्या त्या कॅनोपीवरचे चौकटींचे जाळे पाहूनच मी एडुआर्ड या चेक कंपनीचा तयार कापलेला मास्क संच, म्हणजे फक्त चौकटी रंगाव्यात म्हणून काचा झाकणाऱ्या चिकट तुकड्यांचा संच, मागवला.

मास्क पिवळ्या जपानी कागदी टेपचे आहेत. टेप पातळ असून तिचा चिकटपणा बेताचा आहे, आणि चुकीच्या जागी बसलेला तुकडा उचलून पुन्हा लावता येतो. काप इतके नेमके आहेत की चिमट्याने एक कोपरा चौकटीला भिडवला की उरलेला तुकडा आपोआप जागेवर येतो. सगळे तुकडे बसवायला मला पाऊण तास लागला. हेच काम साध्या टेपने आणि नव्या पात्याने करताना पूर्वी एक अख्खी संध्याकाळ गेली होती, आणि काचेवर एक ओरखडा उमटला होता तो वेगळाच.

पण संच आणला म्हणजे काम झाले असे नाही. प्रत्येक तुकड्याची कड लाकडी टूथपिकने दाबून बसवावी लागते. उजवीकडच्या दोन काचांवर मी यात घाई केली आणि रंग आत झिरपला. दोष सर्वस्वी माझा. दुसरे म्हणजे, संच ज्या कंपनीच्या किटसाठी कापलेला असतो त्यालाच तो बसतो, कारण प्रत्येक साच्यात चौकटींची जाडी थोडी वेगळी असते. मोठ्या, फुगीर काचांसाठी अनेक संचांत केवळ कडेच्या पट्ट्या येतात आणि मधला भाग द्रव मास्कने, म्हणजे वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या द्रवाने, भरावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

रंगाचा क्रम चुकवू नये. आधी कॉकपिटच्या आतला करडा-हिरवा रंग फवारावा, म्हणजे काचेतून आत पाहताना चौकटीची आतली बाजू योग्य रंगाची दिसते. तो वाळल्यावरच त्यावर बाहेरचा छद्मरंग द्यावा. पहिल्या थराने मास्कच्या कडाही बंद होतात. कॅनोपी चिकटवताना सुपरग्लू अजिबात वापरू नये, कारण त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते. पांढरा फेव्हिकॉल पुरेसा आहे. मास्क महिनोन्‌महिने तसेच ठेवू नयेत, नाहीतर गोंदाचा अंश काचेवर राहतो.

किटच्या किमतीच्या मानाने हा संच स्वस्त म्हणता येणार नाही. नाशिकजवळ ओझरला बनलेल्या मिग-२१चे मॉडेल करताना मी असा संच घेणार नाही, कारण तिथे चौकटी मोजक्याच आहेत आणि तामिया या जपानी कंपनीच्या मास्किंग टेपची पट्टी हाताने कापून भागते. हरिकेनसाठी मात्र पुन्हा घेईन.