पहिली सुरी: जुना कमानपाटा की नवी पट्टी?

ट्रेकला न्यायची, न मिटणारी, चार इंची पात्याची सुरी स्वतः करायची ठरवली की गाडी पोलादापाशी अडते. भंगारात ट्रकचा कमानपाटा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगची पट्टी, किलोच्या भावानं मिळतो. टूल-डायवाल्यांना माल देणाऱ्या दुकानात ओएचएनएसची, म्हणजे तेलात बुडवून कडक होणाऱ्या हत्यारी पोलादाची, घासून सरळ केलेली पट्टी मिळते. मी दोन्हीच्या सुऱ्या केल्यात, आणि एक पाटा वायाही घालवलाय.

पाट्याचं आकर्षण कळतं. कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के, त्यामुळे पोलाद चिवट. काटक्या फोडताना पात्यावर लाकडानं ठोकलं तरी सहसा तुकडा उडत नाही. पण पाटा जाड आणि बाकदार. त्याचा साडेतीन-चार मिलिमीटर करायचा तर भट्टी, ऐरण, सांडशी आणि घण मारायला दुसरा माणूस हवा. शिवाय तो कुठल्या ग्रेडचा हे त्यावर लिहिलेलं नसतं, आणि वर्षानुवर्षं हिसके खाल्लेल्या पाट्यात केसाएवढ्या चिरा असू शकतात.

माझा पाटा तापवून पाण्यात बुडवताच 'टिंग' असा बारीक आवाज आला. घासल्यावर नखाला लागेल अशी चीर, थेट धारेपासून पाठीपर्यंत. आमच्याकडचा लोहार कोयत्याला पाणी देतो, म्हणजे तापवून बुडवून कडक करतो, ते बघून मी केलं होतं. तो फक्त धारेची बाजू क्षणभर बुडवतो आणि पाठीतली ऊब परत धारेकडे येऊ देतो, हे काही मी नीट पाहिलं नव्हतं. या पोलादाला तेल हवं. तरी चूक माझी की पाट्याची, नक्की सांगता येत नाही, आणि अनोळखी पोलादाचा खरा त्रास हाच.

ओएचएनएसमध्ये कार्बन ०.९ टक्क्यांच्या आसपास. पट्टी मऊ येते, त्यामुळे हॅक्सॉ आणि कानशीवर आकार निघतो. ऐरण लागतच नाही. मुठीच्या पिनांची भोकं आधीच पाडा, नंतर ड्रिल नुसतं किंचाळतं. कड अर्धा मिलिमीटर जाड राहू द्या, धार शेवटी. ७७० अंशांच्या आसपास पातं लोहचुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून थोडं वर, ८०० च्या जवळ, काही मिनिटं धरायचं आणि कोमट तेलात सोडायचं. ते 'धरणं' कोळशाच्या भट्टीत अवघड, इथं पाटा जास्त सोसून घेतो. कानस पात्यावरून काचेवर घसरावी तशी घसरली की जमलं. मग ठिसूळपणा घालवायला लगेच २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा तापवायचं. घरचा ओटीजी ओव्हन चालतो, पण आत वेगळा थर्मामीटर ठेवा. माझ्या ओटीजीची चकती वीस अंश खोटं बोलते.

गंज दोघांनाही चढतो. पावसाळ्यात सुरी चामडी म्यानात ठेवून विसरलात तर आठवड्यात ठिपके. खोबरेल पुरतं.

डी२ या हत्यारी पोलादाचं नाव कानावर येईलच. १२ टक्के क्रोमियम, धार टिकते, पण पाणी द्यायला हजाराच्या वर अंश लागतात. म्हणजे एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे पातं देऊन यायचं. पहिल्या सुरीसाठी नको. साध्या दगडावर धार लावताना हात भरून येतात.

ओळखीचा लोहार ऐरणीशेजारी बसू देणार असेल, तर जरूर ठोकून करा, फक्त पाटा भंगारातला नको, ईएन४५ या स्प्रिंगच्या पोलादाची कोरी पट्टी घ्या. लोहार नसेल तर ओएचएनएस. आणि पट्टी दोन सुऱ्यांपुरती आणा.